मोनाली ट्रेडर्स, कोसाड

पाटी लावायला माणूस आला तेव्हा नाना, माझे वडील, रात्रपाळी करून झोपले होते. सुरतेत कोसाडच्या आवास वसाहतीत आमची खोली दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून. दाराबाहेर पाण्याचा निळा ड्रम, चपलांची पाटली आणि भिंतीला टेकवलेली सायकल, एवढीच जागा. त्या माणसाने ड्रम सरकवला, ड्रिलने भिंतीत भोकं पाडली आणि पत्र्याची एक पाटी स्क्रूंनी घट्ट बसवली. आवाजाने नाना बनियनवर बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही, कारण त्यांना ठाऊक होतं. माणूस म्हणाला, "शेठ, शर्ट घाला. फोटो काढायचा आहे." नानांना शेठ म्हणणारा तो पहिला माणूस. नानांनी खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं एक सोडून एक लागली, आणि ते पाटीशेजारी उभे राहिले. मोबाइलवर फोटो निघाला. माणूस गेला. माय तोवर भाकरी थापत होती, हात पिठाचे तसेच ठेवून ती दारात आली आणि मला म्हणाली, "काय लिखेल शे?"

मायला वाचता येत नव्हतं. पाटीवर वर गुजरातीत आणि खाली इंग्रजीत नाव होतं, त्याखाली बारीक अक्षरांत पत्ता आणि कराचा लांबलचक नंबर. मी वाचून दाखवलं: मोनाली ट्रेडर्स. मायने ते पुन्हा वाचायला लावलं. मग पिठाचं बोट पहिल्या अक्षरावर टेकवून विचारलं, हे मो का? मी हो म्हटलं. ती आत गेली आणि उरलेल्या भाकऱ्या तिने थापल्या.

मोनाली माझी मोठी बहीण. मी अगदी लहान असताना ती तापाने गेली. घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. तिचा फोटो नव्हता. तिचे कपडे माझ्या अंगाला आले आणि विरले. तिचं नाव ती गेल्यानंतर मी पहिल्यांदा त्या पाटीवर, गुजराती अक्षरांत वाचलं. तेव्हा मी अकरावीत होते.

पाटीमागची हकीकत साधी होती. नाना अमरोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कारागीर होते. नंदुरबारकडच्या आमच्या गावातली निम्मी तरुण पोरं सुरतेत लूमवर होती, त्यातलेच एक. कारखान्यात दिवाळीचा बोनस देताना कागद मागायची पद्धत पडली होती: आधार, पॅन, घराचं लाईटबिल, दोन फोटो. कोणी का म्हणून विचारत नसे. गॅसला, सिमकार्डाला, शाळेला, दवाखान्याला कागद द्यावेच लागतात. त्यात आणखी एक. त्या वर्षी मालकाचा हिशेब बघणारे जिग्नेशभाई नानांना बाजूला घेऊन म्हणाले की नवा कर आला आहे, एकाच फर्मवर सगळा माल दाखवणं शेठला जमत नाही, तुझ्या नावाने एक फर्म काढतो, तुला काही करायचं नाही. थोडे दिवस. चिंता नै करवानी. मग त्यांनी विचारलं, नाव काय ठेवू? घरातल्या कुणाचं तरी सांग, शुभ असतं. नानांच्या तोंडून मोनाली निघालं. माझं का नाही, मायचं का नाही, हे मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. ते म्हणाले, "तोंडमा तेच उनं." तोंडात तेच आलं, एवढंच.

लूमच्या खात्यात बोलणं ऐकू येत नाही. यंत्रांच्या खडखडाटात कारागीर हातांनी बोलतात: धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. फर्मच्या कामासाठी नानांच्या मोबाइलवर सरकारचा ओटीपी यायचा आणि जिग्नेशभाई ऑफिसच्या काचेमागून तो मागायचे. नाना लूममध्ये उभे राहून बोटांवर आकडे दाखवत. चार, नऊ, शून्य. शून्यासाठी मूठ. जिग्नेशभाई काचेमागे मान हलवत. नानांच्या फर्मचा सगळा कारभार अशा रीतीने खुणांनी चालला. त्या फर्मने काय घेतलं आणि काय विकलं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

मी पुढे या शहरातल्या एका वर्तमानपत्रात व्यापाराचं पान बरीच वर्षं पाहिलं. मजुराच्या नावावर बोगस फर्म, ही बातमी दर थोड्या दिवसांनी येते आणि तिचा साचा ठरलेला आहे. त्यात मजूर नेहमी "अनभिज्ञ" असतो. मी तो शब्द कापत असे. माणसाला आपल्या दारावर काय लावलंय हे माहीत असतं. नाही म्हटलं तर काय होईल, हेही माहीत असतं.

पाटीने घर बदललं, ते मात्र कोणाच्या हिशेबात नव्हतं. माय सकाळी उठून उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. आता ती ओल्या फडक्याने पाटी पुसू लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नाना कारखान्यातून घरी आणलेल्या कात्रीची आणि पान्यांची पूजा करत. त्या वर्षी मायने उरलेल्या झेंडूची माळ पाटीला घातली आणि पहिल्या अक्षराला कुंकू लावलं. मग दर शुक्रवारी लावू लागली, आणि पाटी पुसताना ते अक्षर तेवढं सोडू लागली. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं उभी राही. मी आत अभ्यास करत असे. तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा आणि कधी कधी अगदी हलक्या आवाजातलं बोलणं. आज काय भाजी केली. पाणी उशिरा आलं. मी कान देऊन ऐकायला लागले की ती थांबे. त्या काळात मला आमच्या जिन्यावर एकटीने थांबायला नको वाटायचं. दुपारी शाळेतून येताना मी पाटीकडे न बघता कुलूप काढत असे.

वसाहतीत चेष्टा सुरू झालीच. आमच्या समोर वानखेडेकाका राहायचे, यवतमाळकडचे, साडीच्या पॅकिंगला जाणारे. नाना जिना चढून आले की ते दारातून ओरडत, "आले बावा, शेठ आले! काय शेठ, आज गाडी कुठं लावली?" नाना सायकल टेकवत म्हणत, "ड्रायव्हरले सांग, काढी लेईन." दोघं हसत. वानखेडेकाकूंना एकदा साबणाचा भाव वाढला म्हणून चिडलेलं पाहून काका म्हणाले, "कर भरून राह्यली तू. शेठच्या फर्मवाल्यांना नसन भरायचा, पण साबणवाल्याला तू भरतेच." वसाहतीच्या नाक्यावर सिमेंटचे बाक होते, त्यांच्या पाठींवर नानांच्या मालकाचं नाव दाता म्हणून कोरलेलं होतं. गणपतीत नगरसेवकाशेजारी स्टेजवर त्यांचीच खुर्ची असायची. व्यापाऱ्यांच्या एका समारंभात प्रामाणिक करदाता म्हणून त्यांना शाल मिळाली, तो फोटो कारखान्यात फ्रेम करून लावला होता. नानांनी त्याबद्दल घरी सांगितलं ते कुचेष्टेने नाही. चांगली शाल होती म्हणाले.

मग एका महिन्यात रेशनच्या दुकानात नानांचा अंगठा घेऊनही मशीन नाही म्हणालं. दुकानदार ओळखीचा होता. त्याने स्क्रीन वळवून बघितली आणि म्हणाला, "तमे तो वेपारी थई गया, भाई. व्यापाऱ्याला हे धान्य नाही." रांगेतले लोक हसले. नाना रिकामी पिशवी घेऊन परत आले. त्या महिन्यापासून गहू-तांदूळ बाजारातून यायला लागले. नाना जिग्नेशभाईंकडे दोनदा गेले. थई जशे, होऊन जाईल, असं उत्तर मिळालं. पुढे एक नोटीस आली. ती मीच वाचली: फर्मच्या मालकाने हिशेबासह हजर व्हावं, अन्यथा वसुली त्याच्याकडून केली जाईल. किती, ते लिहिलेलं होतं. तो आकडा मी मोठ्याने वाचला नाही. जिग्नेशभाईंनी या वेळी बजावून सांगितलं: कोणी आलं तर म्हणायचं, फर्म माझीच, माल गोडाऊनला आहे, हिशेब सीएकडे. शेठ बाकीचं बघून घेतील. आणि वेगळं काही बोललास तर लूमवर दुसरा माणूस तयार आहे.

त्या संध्याकाळी वानखेडेकाका आमच्याकडे येऊन बसले. चेष्टा नव्हती. म्हणाले, "मी बी शेठ होतो ना भाऊ, दीड वर्ष. माझी फर्म त एक्सपोर्ट करून राह्यली होती." मग म्हणाले, "फर्म माझी म्हणाल तर मराल. ते वसुली घेऊन गावच्या घरापर्यंत येतात. इथं फर्म नाही, कधीच नव्हती, माझे कागद मालकाने घेतले, असं सरळ सांगा. नोकरी जाईल. जाऊ द्या. सुरतेत लूम काय कमी आहेत का?" नाना बराच वेळ चहाच्या रिकाम्या कपाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, सांगतो. माय भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मंग पाटी?"

कर खात्याची माणसं आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात वर्षाचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवतात. आजवर आमच्याकडे आजोबांच्या नावाने एकच घागर भरली जायची. त्या वर्षी मायने दोन आणल्या. दुसरी लहान होती. ती तिने देव्हाऱ्याजवळ न ठेवता दाराबाहेर, पाटीखाली मांडली. आदल्या दिवशी घरात पुरणाचा, आमरसाचा आणि तळणीचा वास होता. दुसऱ्या दिवशी तो शिळा होऊन पडद्यांत राहिला होता. आंब्याभोवती मुंग्या लागल्या होत्या. माय त्या फुंकून घालवत होती तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला.

साहेब, एक शिपाई आणि कॅमेरा धरलेला एक तरुण, असे तिघं. साहेब पन्नाशीचे, गुजराती, आवाज न चढवणारे. वानखेडेकाकांना पंच म्हणून समोरून बोलावलं. नाना नुकतेच पाळीवरून आले होते. केसांत सुताची लव होती. साहेबांनी खुर्चीवर बसून विचारलं, मोनाली ट्रेडर्सचे मालक तुम्हीच? नाना हात जोडून हिंदीत म्हणाले, "साहब, यहाँ कोई धंदा नहीं है. मैं कारागीर हूँ. मेरे कागज शेठ ने लिए." ते पाठ केल्यासारखं एका दमात बोलले.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. गॅस, कॉट, माझी पुस्तकं. मग ते उठून बाहेर गेले आणि पाटीसमोर उभे राहिले. वाळलेली झेंडूची माळ, कुंकवाचे थरावर थर, खाली पाण्याची घागर, आंबा, सांजोरी. त्यांनी तरुणाला फोटो घ्यायला सांगितलं. नानांकडे वळून ते गुजरातीत म्हणाले, "तो पछी आ पूजा शेनी?" धंदा नाही म्हणता, मग बोर्डाची पूजा कसली करता? त्यांचं काही चुकत नव्हतं. सुरतेत दुकानाची, गल्ल्याची, वहीची पूजा धंदेवाला करतो. ज्याचा धंदा नाही तो असल्या पाटीला कुंकू कशाला लावेल? शिपायाने लिहायला घेतलं. नाना काहीतरी पुटपुटले. वानखेडेकाका खाली बघायला लागले. त्या क्षणी मला दिसलं की कागदावर एक ओळ उतरली की झालं: फर्म यांचीच, घरात तिची नित्य पूजा होते. मायने रोज सकाळी ओल्या फडक्याने नानांविरुद्धचा पुरावा पुसून लख्ख ठेवला होता.

नानांना ते सांगता येत नव्हतं. शेवटी माय पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला आणि साहेबांकडे बघून अहिराणीत बोलली, कारण दुसरी भाषा तिला येत नव्हती. "साहेब, हाई धंदानी पूजा नही. हाई मनी मोठी आंडेरनं नाव शे. ती मरी गयी."

मी भाषांतर केलं. माझ्या मोठ्या मुलीचं नाव आहे, ती मेली. गुजरातीत ते वाक्य फार लहान झालं. इतक्या वर्षांत घरातल्या कोणी ते कुठल्याच भाषेत उच्चारलं नव्हतं. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

साहेबांनी मयतीचा दाखला मागितला. तो नव्हता. स्मशानात चिठ्ठी मिळाली होती, तिच्यावरून दाखला काढायला कचेरीत जावं लागतं, तिथे जाऊन बोलावं लागतं. माय-नाना तिथे कधी गेलेच नाहीत. साहेबांनी रेशनकार्ड मागितलं. त्यावर आमची चार नावं होती. त्यांनी मोनालीच्या नावावर पेन टेकवलं आणि मायकडे पाहिलं. "यात तर आहे." हा आमचा गुन्हा होता, लहान पण खरा: मेलेल्या मुलीच्या वाट्याचं धान्य आम्ही इतकी वर्षं खाल्लं होतं. मी मायला विचारलं, नाव का काढलं नाही म्हणून विचारतायत. माय म्हणाली, "कसं काढाव?" मी ते जसंच्या तसं गुजरातीत सांगितलं.

खालच्या मैदानात मुलं ओरडत होती आणि कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. मग साहेबांनी शिपायाकडून कागद घेतला, आधीची ओळ खोडली आणि स्वतः लिहिलं. ते मला वाचून दाखवायला लावलं: सदर जागी कोणताही व्यापार आढळला नाही, पाटीस धार्मिक कारणाने फुलं वाहिलेली, जागेतील इसम हा मजूर असून त्याच्या कागदांचा वापर अन्य व्यक्तीने केल्याचे तो सांगतो. मालकाचं नाव नानांनी सांगितलं, तेही लिहिलं गेलं. नानांनी सही केली. पंच म्हणून वानखेडेकाकांनी केली. मायने अंगठा दिला. आरोपी होऊ घातलेले नाना त्या कागदावर साक्षीदार झाले. त्याच आठवड्यात नानांचं लूमवरचं काम गेलं. मालकाच्या नावाचं पुढे काय झालं, याचा मी पत्रकार म्हणून अनेकदा माग काढला. प्रकरण चालू आहे, हेच उत्तर मिळतं. नाना तारखांना जात राहिले, शेवटच्या आजारापर्यंत. बाक नाक्यावर अजून आहेत.

पाटी जप्त करायची होती. स्क्रू गंजले होते, शिपायाकडे काही नव्हतं. नानांनीच आपला पाना आणि पेचकस आणला आणि ती काढून दिली. मायने घागर आधी बाजूला घेतली होती, पाणी सांडू नये म्हणून. साहेब उठले. माय त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"आखो एक लिखा," ती म्हणाली. आणखी एक लिहा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माय नानांकडे हात करून बोलायला लागली आणि मी तिच्या मागोमाग सांगत गेले. पोरीले ताप व्हता. ह्या सुटी मांगाले गयात, ह्याच मालककडे. त्यानी सांगं, बदली माणूस आन, मंग जाय. माणूस पार दुसऱ्या दिवशी उना. मंग दवाखानामा लयी गऊत. तिथं उशीर झाया, असं सांगं त्यास्नी. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याच वेळी दुसऱ्या भाषेत सांगत होते. नानांच्या हातात पेचकस तसाच होता. ज्या मालकाने सुटी दिली नाही त्याच्याच लूमवर ते दुसऱ्या आठवड्यात परत उभे राहिले होते, आणि कित्येक वर्षांनी त्याच्याच फर्मला त्यांनी ते नाव दिलं होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पेनाला टोपण लावून ते मऊ आवाजात म्हणाले, "ए अमारामां नथी आवतुं, बेन." ते आमच्या खात्यात येत नाही. मला सांगावं लागलं नाही; तेवढं गुजराती मायला समजलं.

"मंग कोनता खातामा येस?" तिने विचारलं.

मी भाषांतर केलं. साहेबांनी शिपायाला पाटी नीट धरायला सांगितलं, पत्रा हाताला लागेल म्हणून, आणि ते जिना उतरू लागले. माय कठड्यापाशी गेली आणि खाली वाकून तिने तेच पुन्हा विचारलं. या वेळी मोठ्याने.